थंड खोलीत राहिलेला ट्रे

डूख धरावा तर धाकटीनं. नाग परवडला, तो एकदा चावून निघून तरी जातो. ही बाई वर्षानुवर्षं आपल्या सख्ख्या जावेला पाण्यात पाहत आली, आणि तेही तिच्याच हातचा चहा पीत, तिच्याच शेजारी बसून बसनं कामाला जात. बघणाऱ्याला वाटावं, काय गोडी आहे दोघी जावांची. गोडी कसली, डोंबल. धाकटीच्या पोटात काय शिजतंय हे तिच्या नवऱ्यालासुद्धा धड माहीत नव्हतं.

घरात धाकटी सून म्हणून ती धाकटी. कामावर तिला थोरलीनंच चिकटवलं, त्यामुळे तिथंही तेच नाव रुजलं. थोरली म्हणजे तिच्या मोठ्या दिरांची बायको. धाकटी तिला ताई म्हणायची, आणि पहिली दोन-तीन वर्षं अगदी मनापासून म्हणायची, हे सांगितलं पाहिजे. नाहीतर पुढचा राग कळायचा नाही. परक्याचा राग आपण विसरतो. ज्याच्या मागे मुकाट्यानं चालत गेलो त्याचा विसरत नाही.

दोघी ज्या लॅबमध्ये होत्या तिथं कोंबडीच्या अंड्यांवर काम चाले. अंडी आधी थंड खोलीत ठेवायची. थंडीत आतला जीव वाढायचा थांबतो, घड्याळ बंद पडल्यासारखा. मग ट्रे काढून उबवणीच्या कपाटात सरकवायचा, की तिथून त्याचं वय मोजायला सुरुवात. ठरल्या दिवशी अंडं उघडायचं. आत बोटाच्या पेराएवढा, नुसते डोळेच डोळे असलेला जीव असे. त्याला मेणाच्या वडीत बसवायचं, यंत्रावर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप घ्यायचे, ते काचेवर चिकटवून रंगवायचे आणि लॅब चालवणाऱ्या मॅडमच्या मायक्रोस्कोपखाली द्यायचे. मॅडम त्या कापांत काय शोधत, तर मरण.

नवीन माणूस आलं की मॅडम त्याला समोर बसवून सगळं समजावत, आणि काम करता करता दोघी जावा ते ऐकत. पाठीच्या कण्यातून जी मज्जेची दोरी जाते, तिच्यात सुरुवातीला चेतापेशी गरजेपेक्षा कितीतरी जास्त जन्माला येतात. प्रत्येक पेशी आपला एक धागा कुठल्यातरी स्नायूकडे धाडते. जी पोचते तिला स्नायू थोडं पोषण देतो, पण ते सगळ्यांना पुरेल एवढं नसतंच. ज्यांना मिळालं त्या जगतात. ज्यांना नाही मिळालं त्या आक्रसून काळ्या ठिपक्याएवढ्या होतात आणि मरतात. हा काही आजार नाही, मॅडम सांगत, हे असंच व्हायला हवं. त्या मरतात म्हणून उरलेल्यांच्या जोडण्या नीट बसतात, आणि पिल्लाला एक पाय उचलायचा असला तर एकच पाय उचलला जातो. आणि मेलेल्या पेशीचं पुढे काय होतं, असं कुणी विचारलं की मॅडम म्हणायच्या, शेजारच्या पेशी तिला खाऊन टाकतात. थोड्याच वेळात जागा स्वच्छ. उशिरा बघाल तर वाटेल इथं कुणी मेलंच नाही, आणि लवकर बघाल तरीही तसंच वाटेल.

धाकटीनं हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. विशेष वाटायला लागलं ते खाचेच्या प्रकरणानंतर.

झालं होतं असं. मॅडमनी एक प्रयोग लावला होता. अंड्याला खिडकी पाडून आतल्या जिवाच्या उजव्या पायाचा कोंब काढून टाकायचा. स्नायूच नाही म्हटल्यावर त्या बाजूच्या पेशींना पोषण मिळणार कुठून? त्या जास्त मरायला हव्यात. आता मेणात नुसती मज्जेची दोरीच बसवायची होती, आणि तिच्या कापाची उजवी-डावी बाजू दिसायला अगदी सारखी असते, काच उलटी पडली की सगळंच उलटं. म्हणून मेणाच्या वडीला उजव्या अंगाला एक बारीकशी खाच पाडायची, ही त्या खोलीतली रीत. ती खाच थोरलीनं पाडली, आणि गप्पांच्या नादात डाव्या अंगाला पाडली. काप धाकटीनं घेतले. बाहेरून पाहुणे आले, मॅडमनी मोठ्या हौसेनं स्लाइड दाखवल्या, आणि काळे ठिपके निघाले ते धडधाकट पायाच्या बाजूला. एक पाहुणा हसला. म्हणाला, तुमच्याकडची कोंबडी नसलेल्या पायावर चालते वाटतं.

पाहुणे गेल्यावर मॅडमनी सगळ्यांना उभं केलं आणि विचारलं, खाच कुणी पाडली? थोरलीनं क्षणभरही वाया घालवला नाही. धाकटीच्या खांद्यावर हात ठेवून, अगदी मायेनं म्हणाली, "धाकटीनं, मॅडम. नवी आहे अजून, सांभाळून घ्या."

म्हणजे बघा. खापर तर फोडलंच, वर रदबदलीही केली. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते धाकटीला त्या दिवशी कळलं. पण नोकरी थोरलीच्या शब्दावर मिळालेली, घर दिरांच्या जिवावर चाललेलं, आणि समोर मॅडम लालबुंद. मूग गिळून उभी राहिली. दुसऱ्या दिवसापासून काप घेण्याचं यंत्र थोरलीकडे गेलं आणि धाकटी बाटल्या धुवायच्या खोलीत. तिच्या हाताला त्या यंत्राचा लळा लागला होता. पातं मेणावरून सरकताना येणारा बारीक आवाज तिला आवडायचा. ते सगळं गेलं, आणि गेलं ते एका गोड वाक्यासरशी.

घरी थोरली तशीच. ताटात आधी हिला वाढणार, हिच्या मुलीची वेणी घालणार, हिच्या डोक्याला बाम चोळणार. त्या विषयावर चकार शब्द नाही. नवऱ्यापाशी धाकटी एकदा रडली, तर तो म्हणाला, काय तेच तेच उगाळत बसतेस, वहिनी किती करतात आपल्यासाठी. सासूबाई म्हणाल्या, चूक कुणाचीही होते. महिनाभरात घरात कुणाला काही आठवेना. लॅबमध्ये तर त्याहून लवकर. जो तो आपापल्या कामाला लागला.

तेव्हा धाकटीला मॅडमचं ते बोलणं आठवायला लागलं. शेजारच्यांनी खाऊन टाकलं. जागा स्वच्छ. साबणाच्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून ती मनाशी म्हणायची, मला नाही कुणी असं खाऊन टाकायचं. तिला नोकरीत बढती नको होती, यंत्रही एक वेळ नको होतं. तिला हवं होतं एकच. त्याच खोलीत, मॅडमच्या समोर, सगळ्यांना कळलं पाहिजे की थोरली गोड आवाजात खोटं बोलते. बस्स. एवढ्यासाठी ती जगायला तयार होती.

तोवर बारीकसारीक उट्टी काढणं चालूच होतं. थोरलीच्या वाट्याला नेमक्या घट्ट झाकणाच्या बाटल्या जायच्या. थोरलीचा रुमाल वाळत घातला की तो नेमका खाली पडायचा. थोरलीच्या भाजीत मीठ जास्त झालं की धाकटी सगळ्यांना आग्रह करून दुसऱ्यांदा वाढायची. असल्या गोष्टींनी पोट भरत नाही, पण भूक जागी राहते.

अशी वर्षं गेली. मग अंड्यांच्या खोलीच्या प्रमुख बाई निवृत्त व्हायला आल्या आणि मॅडम त्यांच्या जागी थोरलीला बसवणार हे उघड झालं. त्याच सुमाराला मॅडमनी नवा प्रयोग काढला. पेशींचं ते मरण थांबवणारं एक औषध होतं. एका ट्रेमधल्या अंड्यांना ते द्यायचं, दुसऱ्या ट्रेमधली साधी ठेवायची. मानेजवळच्या भागात हे मरण फार लवकर आणि फार थोड्या वेळात उरकतं, तेवढ्याच वेळात अंडी उघडायची. साध्या अंड्यांत काळे ठिपके गच्च दिसायला हवेत आणि औषधाच्या अंड्यांत जवळजवळ नाहीत. तसं दिसलं तर पुढची पायरी. न मेलेल्या त्या जादा पेशींनी जोडण्यांचा कसा गुंता होतो, पिल्लू हालचाल करताना गडबडतं का, हे मॅडमना बघायचं होतं. मॅडम त्यासाठी झपाटल्या होत्या. थोरलीला म्हणाल्या, एवढं नीट पार पाड, मग खोली तुझीच.

आता अंडी कपाटात ठेवली की त्याच वेळी प्रत्येक कवचावर शिसपेन्सिलीनं ती वेळ लिहायची, असा नियम. शिसपेन्सिलच, कारण शाई कवचातून आत झिरपते. थोरलीला सकाळी घाईत हे लिहिण्याचा कंटाळा. ती आदल्या संध्याकाळी आरामात खुर्चीवर बसून सगळ्या अंड्यांवर दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ लिहून टाकायची आणि ट्रे पुन्हा थंड खोलीत ठेवायची. सकाळी आली की फक्त उचलायचे आणि कपाटात सरकवायचे. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

त्या दिवशी थोरलीनं औषधाचा ट्रे नेला. तेवढ्यात तिला कुणीतरी हाक मारली, आणि साध्या अंड्यांचा ट्रे थंड खोलीतच राहिला.

दुपारी धाकटी पाण्याचा कॅन आणायला थंड खोलीत गेली, तर ट्रे समोर. अंडी गार. कवचांवर सकाळची वेळ, थोरलीच्या गोल गोल अक्षरात. धाकटी तिथं उभी राहिली. हाताचे पंजे गारठले तरी उभीच. ओरडून सांगायला एक शब्द पुरला असता, ताई ट्रे राहिलाय. थोरली पलीकडच्याच खोलीत होती, तिच्या बोलण्याचा आवाजही येत होता. धाकटीनं कॅन उचलला, बाहेर आली आणि दार लावून घेतलं. अगदी हळूच, आवाज न करता.

संध्याकाळी थोरलीला ट्रे सापडला. बाटल्या पुसता पुसता धाकटी काचेतून सगळं बघत होती. थोरली ट्रे घेऊन उभी राहिली, इकडे-तिकडे पाहिलं, आणि वेळ न खोडता तसाच्या तसा कपाटात ढकलला. धाकटीच्या अंगावर आनंदानं काटा आला. खोटं बोलताना पकडता आलं नव्हतं, ती खोटं करताना सापडली.

पुढे व्हायचं तेच झालं. दोन्ही ट्रे एकाच वेळी उघडले गेले. साध्या अंड्यांतले जीव वयानं मागे, त्यांच्यात मरण सुरूच झालेलं नव्हतं. काळे ठिपके यांच्यातही नाहीत आणि औषधाच्यांतही नाहीत. मॅडम रोज मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायच्या, रंग बदलून पाहायच्या, पुन्हा बसायच्या. त्यांचा चेहरा उतरत गेला. धाकटीला त्यांची कीव यायची, खोटं कशाला सांगू. पण कीव एवढीशी आणि डूख हा एवढा. ती मॅडमसाठी गरम पाणी नेऊन ठेवायची आणि गप्प राहायची.

शेवटी मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. भिंतीवर त्या कापांची चित्रं दाखवली आणि म्हणाल्या, हे औषध कुचकामी आहे असं तरी म्हणायचं किंवा आपलं आजवरचं मोजमापच चुकलंय असं तरी. दोन्ही अर्थी काम इथंच थांबवावं लागेल. थोरली मान खाली घालून हळहळली. म्हणाली, एवढी मेहनत घेतली हो आपण.

धाकटी उभी राहिली. इतकी वर्षं मनात घोळवलेल्या भाषणातलं तिला एक अक्षरही आठवेना. ती एवढंच म्हणाली, की साध्या अंड्यांचा ट्रे सकाळी कपाटात लागलाच नव्हता. तो संध्याकाळी लागला. वेळ आदल्या दिवशीच लिहून ठेवलेली होती.

खोलीत सगळ्यांच्या माना थोरलीकडे वळल्या. धाकटी तिच्या चेहऱ्याकडे बघत होती, आता पांढरा पडेल, आता थरथरेल. थोरलीनं एक श्वास घेतला आणि कपाळावर हात मारून म्हणाली, हो की, मॅडम, माझ्याकडून राहिला होता खरा, माझ्या अगदी डोक्यातून गेलं. आणि गंमत म्हणजे मॅडम चिडल्याच नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर जीव आला. म्हणजे औषध कुचकामी नाही, म्हणाल्या, म्हणजे आपण फक्त लवकर बघितलं. पुन्हा लावू. थोरलीला म्हणाल्या, कबूल केलंस हे बरं केलंस.

धाकटीच्या तोंडचा घास गेला. ही बाई पुन्हा सुटली. पुन्हा चांगली ठरली.

तेवढ्यात मॅडम धाकटीकडे वळल्या. ट्रे राहिल्याचं तुला कधी कळलं, असं त्यांनी सहज विचारलं. धाकटी म्हणाली, त्याच दिवशी दुपारी. मॅडमच्या कपाळाला आठी पडली. मग त्याच दिवशी का नाही बोललीस? कोंबड्यांचा अंडी घालायचा हंगाम संपत आलाय, आता पुढच्या हंगामापर्यंत थांबावं लागणार, हे तुला माहीत नव्हतं?

 हा प्रश्न येईल हे धाकटीच्या डोक्यातच आलं नव्हतं. थोरलीला अडकवायच्या नादात आपणही त्याच दारात उभ्या होतो हे ती विसरली होती.

आणि मग तिच्या खांद्यावर एक हात आला. ऊबदार, मायेचा. थोरली म्हणाली, "तिनं मला तेव्हाच सांगितलं होतं, मॅडम. मीच विसरले. तिला बोलू नका."

तोच आवाज. तोच हात. तेच सांभाळून घेणं. धाकटीला क्षणात सगळं दिसलं. आता आयुष्यभर ती या बाईच्या उपकाराखाली राहणार. घरी ताटात वाढताना थोरली काही बोलणार नाही, पण तिच्या डोळ्यांत असेल, की मी तुला वाचवलं. ज्या तोंडानं बुडवलं त्याच तोंडानं तारलं, आणि दोन्ही वेळा खोटंच बोलून. मान डोलावली की सुटका होती. मॅडम तर दुसऱ्या विषयाकडे वळायलाही लागल्या होत्या.

धाकटीनं तो हात खांद्यावरून काढला. "नाही मॅडम," ती म्हणाली. "मी हिला काही सांगितलं नाही. मी ट्रे पाहिला आणि मुद्दाम दार लावून घेतलं. ताई आत्ता खोटं बोलली."

 मॅडम एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिल्या. मग थोरलीला म्हणाल्या, इतकं सहज कसं काय खोटं बोललीस तू? थोरली पहिल्यांदाच अडखळली. म्हणाली, "घरची आहे मॅडम. म्हणून सांभाळून घेतलं."

"खाच तू उलटी पाडलीस तेव्हाही मी घरचीच होते," धाकटी म्हणाली.

मॅडमना ती खाच आठवायला थोडा वेळ लागला. आठवली तेव्हा त्या खुर्चीवर बसल्या. थोरलीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण मॅडमनी हात वर केला, आणि त्या हाताकडे बघूनच सगळ्यांना कळलं की यापुढे या बाईच्या कुठल्याच गोड वाक्यावर इथं कुणी विश्वास ठेवणार नाही. थोरलीचा चेहरा खरोखरच पांढरा पडला. धाकटीनं तो अगदी पोटभर पाहून घेतला.

धाकटीची नोकरी गेली. जाणारच होती, मॅडमनी एक हंगाम गमावला होता आणि तो मुद्दाम घालवला हे तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. जाताना मॅडम तिला एवढंच म्हणाल्या, की तेव्हाच्या खाचेबद्दल मला वाईट वाटतं, पण या ट्रेबद्दल मी तुला माफ करू शकत नाही. धाकटीला ते पटलं. थोरली राहिली, पण प्रमुख झाली नाही, बाहेरून दुसरी बाई आणली. पुढच्या हंगामात प्रयोग पुन्हा लावला. साधी अंडी काळ्या ठिपक्यांनी गच्च निघाली आणि औषधाच्या अंड्यांत न मेलेल्या पेशींची नुसती दाटीवाटी, असं थोरलीनं एकदा जेवताना सांगितलं, सगळ्यांना उद्देशून, एकट्या धाकटीला सोडून.

नवरा आजही म्हणतो, नोकरी घालवून मिळवलंस काय?  आता थोरली धाकटीला वाढत नाही, तिच्या मुलीची वेणी घालत नाही, गोड तर मुळीच बोलत नाही. दोघी स्वयंपाकघरात समोरासमोर उभ्या राहून कडाकडा भांडतात, भांडी आपटतात, जुनं-नवं सगळं काढतात. थोरली तोंडावर सांगते, तू माझं वाटोळं केलंस. आणि धाकटी म्हणते, हो, केलं.